आवारात बसलेले गैरहजर

विमलअक्का गेल्याचं मला त्यांच्या पुतणीनं फोनवर सांगितलं. दुपारची वेळ होती. मेहरूण भागातल्या माझ्या घरी मी आमच्या अहवालाची शेवटची प्रुफं तपासत बसलो होतो. 'आमच्या' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. अक्कांनी त्यावरचं स्वतःचं नाव सहा महिन्यांपूर्वीच काढायला लावलं होतं आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. "झोपेतच गेल्या, सर. त्रास काही झाला नाही," पुतणी म्हणाली. मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि पुढच्या पानावरच्या दोन चुकासुद्धा दुरुस्त केल्या... रडू आलं ते त्यांच्या घरी धुळ्याला जाताना, बसमध्ये.

अक्का कोर्टात स्टेनो होत्या. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. सारख्याच गुन्ह्यात भिल्ल, पावरा, पारधी माणसाला कोर्टात जी वागणूक मिळते तीच इतरांना मिळते का, हे तपासायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि कोर्टाचे कागद वाचू शकणारं कुणीतरी मला हवं होतं. कुणीतरी निवृत्त अक्कांचं नाव सुचवलं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा भलामोठा तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "सर, एवढे रकाने? यात माणूस कुठल्या रकान्यात बसवायचा?" त्यानंतर त्या मला प्रश्नच विचारत राहिल्या. कंटाळून एकदा मी म्हटलं, अक्का, किती विचारता. त्यावर हसून म्हणाल्या, "सगळी नोकरी मला एकच प्रश्न विचारायची मुभा होती, 'साहेब, पुढे?' बाकीचे साठून राहिलेत."

अभ्यासासाठी घेतलेल्या दोन जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या कोर्टात दर सोमवारी आम्ही मागच्या बाकावर बसायचो. कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. वर्षभरात एक गोष्ट ठळक दिसली. आदिवासी आरोपींच्या नावापुढे 'गैरहजर' हा शेरा जास्त वेळा पडत होता, त्यामुळे वॉरंटही जास्त निघत होती आणि माणसं पुन्हा आत जात होती. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. संशोधकाला असं काही हाती लागलं की तो खूशच होतो. ऊसतोडीला गेलेले असतात, लांब राहतात, कोर्टाची भीती असते, अशी कारणं जोडून मी एक छानसं प्रकरण लिहून टाकलं. अक्कांना मात्र ते पटेना. "भीती असलेला माणूस उलट लवकर येतो, सर. हे लोक येत का नसतील?" असं त्या आठवडाभर घोळवत होत्या.

शेवटी त्यांनी त्याच कोर्टाच्या जुन्या कागदांतून एक नाव काढलं आणि मला ओढतच पिंपळनेरला नेलं. तिथून पुढे जीपनं एका पाड्यावर. गुलाबदादा नावाचा भिल्ल माणूस होता. तारखेला गैरहजर म्हणून वॉरंट निघालं आणि पेरणीचे सगळे दिवस तो तुरुंगात होता. अक्कांनी सरळ विचारलं, "भाऊ, त्या दिवशी कोर्टात का नाही आलात?"

"मी तं तठेच व्हतू ना अक्का," तो म्हणाला. "सकायपासून. सायकली लावतस ना, तठे बसेल व्हतू."

"मग पुकारा झाला तेव्हा आत का नाही आलात?"

"पोलीस म्हने, तठे बस, बलावसूत. कोनी बलावंच नही. बठ्ठा लोके घर गयात, तव्हय मी इचारं."

सगळे घरी गेले तेव्हा कुठे त्यानं चौकशी केली होती, पण तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. बाईमाणूस एवढ्या लांबून विचारायला आली याचंच त्याला नवल वाटत होतं. परतीच्या बसमध्ये साक्रीजवळ अक्कांनी तो जुना कागद पिशवीतून काढला. मग म्हणाल्या, "त्या हुकुमाखाली माझी आद्याक्षरं आहेत, सर. 'पुकारा केला असता आरोपी गैरहजर.' तेव्हा मी त्याच कोर्टात होते, मीच टाइप केलं. सकाळी आत जाताना सायकलींपाशी बसलेली माणसं मला रोज दिसायची हो... मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघत असतील."

पुढच्या सोमवारपासून त्या बाहेर बसायला लागल्या. आत बसून आम्हाला जे वर्षभर दिसलं नव्हतं ते तिथे तासाभरात दिसायचं. शिपाई व्हरांड्यातून नाव पुकारायचा, ते सायकलींपर्यंत पोचायचंच नाही. आणि व्हरांड्यात कुणी उभं राहावं, कुणी लांब बसावं, हे दारावरचा पोलीस कपडे बघून ठरवायचा. मला माझा चुलतभाऊ आठवला. आमचं घराणं मारवाडी व्यापाऱ्यांचं. त्याच्या गाडीच्या अपघाताच्या खटल्यात समोरच्या हॉटेलात जेवून आम्ही दोघं निवांत दीड वाजता कोर्टात गेलो होतो. वकिलानं उशिरा येण्याचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता आणि कागदावर भाऊ 'हजर' होता. मला त्यात तेव्हा काहीच वावगं वाटलं नव्हतं.

भांडण झालं ते यानंतर. अक्का नुसत्या बघत बसेनात. पुकारा ऐकू आला की त्या उठून माणसाला आत पाठवायच्या. मी चिडलो. म्हटलं, अक्का, तुम्ही अशी ढवळाढवळ केली तर नोंदी बिघडतील, आपण मोजायला आलोय. त्या म्हणाल्या, "मोजून झाला ना तो? मग आता आत जाऊ दे त्याला." मी हट्टाला पेटलो. आधीच्या वर्षाच्या नोंदी शुद्ध आहेत, त्यावरच अहवाल करतो, म्हणालो. "मग त्यात हे लोक तारखेला येत नाहीत असंच छापून येईल. माझं नाव नको त्यावर." मी नाव काढलं. माझी बढती त्या अहवालावर अडली होती, हेही इथे सांगितलं पाहिजे.

धुळ्याला बसमधून उतरलो तेव्हा मी छापखान्याला फोन करून काम थांबवलं. ते त्यांच्या हयातीत करायला हवं होतं. याची मला लाज वाटते, आणि ती जाईल असं वाटत नाही.

गेल्या सोमवारी त्याच कोर्टात गेलो. तक्ता नेला नव्हता. सायकलींपाशी दहाबारा माणसं उकिडवी बसली होती, मीही बसलो. शेजारच्या म्हातारीनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का नही उन्यात का आज?" तेव्हा मला कळलं की आमचं बोलणं बंद झाल्यावरही अक्का इथे दर सोमवारी येत होत्या. मी सांगितलं, अक्का वारल्या.  म्हातारी पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मंग आते आम्हले कोन सांगी?"

मी तिच्या पलीकडे बसलेल्या तिच्या मुलाचं नाव विचारून घेतलं आणि व्हरांड्याकडे कान लावून बसलो. बारा वाजून गेल्यावर ते नाव पुकारलं गेलं, अगदी पुसट. मी उठलो, दोघांना घेऊन पायऱ्या चढलो. दारावरच्या पोलिसानं हात आडवा केला. "यांचं नाव पुकारलंय," मी म्हणालो. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "तुम्ही कोण यांचे?"

"मी अक्कांकडचा."

त्यानं हात खाली घेतला.