मथूआत्याचे उरलेले प्रायश्चित्त

न केलेल्या पापाचे प्रायश्चित्त आधीच उरकून ठेवलेले माणूस तुमच्या पाहण्यात कधी आले आहे काय? माझ्या पाहण्यात एकच आले, आणि ती माझी सख्खी आत्या होती.

दीड महिन्यापूर्वी मी पुण्यात छापखान्यात मुद्रिते तपासत बसलो होतो, तेव्हा रत्नागिरीहून कार्ड आले. राजिवड्याच्या इब्राहीम सारंगांनी ते कुणाकडून तरी लिहवून घेतले होते. पहिली ओळ होती, ‘बाय मंगळवारी पहाटे गेल्या.’ मी खुर्चीवरून उठलोच. शेजारी खिळे जुळवणाऱ्या गृहस्थांना म्हणालो, ‘‘आमची आत्या गेली!’’ माझा चेहरा इतका फुललेला होता की हसावे की हळहळावे, हे त्यांना कळेना. ‘‘कुठे गेल्या?’’ त्यांनी जपून विचारले. ‘‘जावाला, बोटीने!’’ मी म्हणालो. दुःखाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा आपल्याकडे फाडतात. सारंगांना ती रीत ठाऊक नव्हती. कार्ड चारही कोपऱ्यांनी धड होते. मग मी दुसरी ओळ वाचली. ‘बूट इथेच आहेत.’ … तेव्हा कळले. ते बूट सोडून आत्या जावाला जाणे शक्यच नव्हते.

मथूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि वर्षाच्या आत लांज्याच्या सासरघरातून दोन जावांनी तिला गोड बोलून बाहेर काढले. ती रडत माहेरी आली नाही. पुण्याला गेली, शिकली, मास्तरीण होऊन रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत लागली आणि मांडवीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. इंग्रजी शिकायला मी तिच्याकडे राहायला आलो, तो तिथेच मोठा झालो. पुढच्या खोलीत जगाचा नकाशा आणि मागच्या खोलीत माझी पत्रके, असा आमचा संसार होता. रूढीविरुद्ध, सरकारविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, कोणाविरुद्धही छापलेले पत्रक हाती पडले की मी ते पाठ करत असे. आत्या म्हणायची, ‘‘सद्या, लोक मुलांना दुधावर वाढवतात, मी तुला शाईवर वाढवलंय. दात तेवढे काळे नाही झाले.’’

जावाचे वेड इब्राहीम सारंगांनी लावले. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. सारी उमर आगबोटींवर काढून ते घरी परतले होते आणि त्यांची नात हलीमा आत्याच्या वर्गात होती. एके दिवशी तिला न्यायला आले ते कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन. आत एक चामड्याची चपटी बाहुली होती, कातरून जाळी पाडलेली, लांब नाकाची.

‘‘बाय, हा तुमचा भीम,’’ सारंग म्हणाले.

‘‘भीमाचं नाक असं?’’

‘‘तिकडं सगळ्यांचीच नाकं अशी. पडद्याच्या मागं दिवा लावतात, ह्याची सावली नाचवतात. बघणारे सगळे नमाजी, पण भीमाला कोन हात लावील तर मारामारी होईल.’’

आत्याने ती बाहुली उन्हात धरून तिची सावली पाडून पाहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘‘बावीस वर्षं मुलींना घोकवतेय, जावा, साखर, कॉफी आणि सिंकोना. भीम राहतो हे एकाही पुस्तकाने सांगितलं नाही. आणि साखर तरी होते का, कोणी पाहिलंय? जाऊन बघायला हवं.’’

मला ती थट्टा वाटली. पण आठवड्याभरात नकाशावर निळ्या खडूने रेघ उमटली. रत्नागिरीहून बोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने मद्रास, तिथून सिंगापूर, पुढे बटाविया. मे महिन्याच्या सुट्टीला दोन महिन्यांची बिनपगारी रजा जोडायची. परत येईपर्यंत पावसाने आपल्या बोटी बंद झालेल्या असणार, म्हणून शेवटचा टप्पा कोल्हापूरवरून आंबा घाटाने, सर्व्हिस मोटारीने. पैसे तिने साठवलेले होते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न गुडघ्यांचा होता. बोरोबुदूर नावाचा दगडाचा अख्खा डोंगर तिकडे आहे, त्यावर बुद्धाची कथा कोरली आहे आणि ती चढत चढत वाचायची असते, असे तिने कुठेतरी वाचले होते. ‘‘पायांनी वाचायचं पुस्तक आहे ते,’’ ती म्हणायची. म्हणून सारंगांच्या ओळखीने मुंबईहून रबरी तळव्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आले. पांढरे लुगडे, त्याखाली पांढरे बूट, असा वेष करून माझी आत्या रोज संध्याकाळी भगवतीच्या किल्ल्याच्या पायऱ्या चढू-उतरू लागली. देवीला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. आत्या धापा टाकत त्यांना सांगे, ‘‘हसा, हसा. सहाव्या मजल्यावर पोचलेय आत्ता.’’

मग लांज्याचा प्रकार झाला. शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी कुणाला तरी सांगितले, ‘‘मथूताई मे महिन्यात जावाला जाणार.’’ ते मोटारीच्या ड्रायव्हरने ऐकले आणि लांज्याला पोचेपर्यंत त्याचे ‘मथूताई जावांकडे जाणार’ असे झाले. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दारात दोन म्हाताऱ्या उभ्या! पंचवीस वर्षांत ज्यांनी साधे कार्ड टाकले नव्हते त्या दोन्ही जावा, फणसाच्या पापडांचे गाठोडे घेऊन. थोरलीने आत्याच्या गळ्यात पडून रडायलाच सुरुवात केली. ‘‘ये गो, तुझंच घर आहे ते. पण मथू, माजघराचं छप्पर खचलंय. विहिरीकडच्या खोलीत साप निघाला. माणसानं राहण्यासारखं काही उरलंच नाही बघ.’’ धाकटीने डोळे पुसत विचारले, ‘‘वाटणीबिटणीचं काही मनात नाही ना?’’

आत्याला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. तिने दोघींना नकाशासमोर नेऊन उभे केले आणि छडीने जावा दाखवले. थोरलीने विचारले, ‘‘किती लांब गो हे?’’

‘‘बोटी बदलत बदलत तीन आठवडे.’’

थोरलीचा चेहरा उजळला. ‘‘मग जा हो बाय, सावकाश जा. परत यायची अगदी घाई करू नको!’’

पापड आम्ही ठेवून घेतले.

अडचण खरी आली ती शाळेच्या कमिटीकडून. अध्यक्ष वकील होते. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. ठराव असा झाला की, बाईंस रजा देण्यास हरकत नाही. मात्र समुद्रोल्लंघन घडणार असल्याने त्यांनी परतल्यावर विधिपूर्वक प्रायश्चित्त घ्यावे, त्यावाचून वर्गात पाऊल ठेवू नये. ज्या गावच्या निम्म्या चुली समुद्राच्या जिवावर पेटतात, त्या गावात समुद्र ओलांडणे पाप! मी तिथल्या तिथे लेखणी उचलणार होतो. आत्याने मला थांबवले. दुसऱ्या दिवशी ती नारूभटजींना घरी घेऊन आली.

‘‘भटजी, परत येईन तेव्हा आषाढ असेल, शाळा सुरू झालेली असेल. तेव्हा मला कुठला वेळ? आत्ताच उरकून टाका.’’

नारूभटजी चमकले. ‘‘अहो, पाप घडायच्या आधी?’’

‘‘आगोटीची बेगमी आपण कधी करतो? पाऊस पडायच्या आधीच ना? मिरच्या, सुकी लाकडं, पापड. तसंच हे. पोथीत कुठं नाही म्हटलंय का?’’

भटजी प्रामाणिक गृहस्थ. दोन दिवस पोथी चाळून आले आणि म्हणाले, ‘‘नाही असं लिहिलेलं नाही.’’ झाले! उपास झाला, मांडवीच्या समुद्रात स्नान झाले, पंचगव्य पिऊन झाले. त्या समुद्राचे पाप धुवायला त्याच समुद्रात बुडी मारताना माझी आत्या मुकाट्याने हसत होती, हे मी काठावरून पाहिले आणि तरीही हे गाजावाजा न करता उरकायचे आहे, हे मला समजले नाही. ‘‘तुझ्या हातच्या चहापेक्षा पंचगव्य बरं होतं,’’ एवढेच ती मला म्हणाली. भटजींचा दाखला घेऊन तिने कमिटीपुढे ठेवला आणि दादासाहेबांनी तो नीट न वाचता रजा मंजूर केली.

आता सांगायला जड जाणारा भाग. मी एकोणीस वर्षांचा होतो. माझ्या घरात, माझ्या आत्याने, जिच्यामुळे मी विचार करायला शिकलो त्या बाईने प्रायश्चित्त घ्यावे, याने मी पेटून गेलो होतो. तिला न सांगता मी पत्रक छापले. मथळा होता, ‘प्रायश्चित्त कशाचे? भूगोलाचे?’ छापखान्यात नाटकाच्या जाहिरातींचा गुलाबी कागद उरला होता, त्यावर ते निघाले. त्यात मी कमिटीला झोडपले, भटांना झोडपले आणि शेवटी टाळ्या घेणारे वाक्य म्हणून लिहिले की, हे प्रायश्चित्त पाप घडण्यापूर्वीच घेऊन एका बाईने तुम्हा सर्व धर्ममार्तंडांना खुळे बनवले आहे! बंदरावर वाटले, देवळापुढे वाटले, एक प्रत दादासाहेबांच्या फाटकाला चिकटवली.

गाव दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी कमिटी भरली. आगाऊ घेतलेले प्रायश्चित्त ग्राह्य नाही, कमिटीची फसवणूक झाली आहे, रजा रद्द… आत्या शांतपणे, एका थेंबाचा आवाज न करता, सगळ्यांच्या हातून निसटून चालली होती, आणि मी तत्त्वाचा कंदील घेऊन तिला नेमका पहारेकऱ्यांना दाखवला होता. त्या पत्रकातले एकही मत चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. दादासाहेबांचा ठराव तेव्हाही लाजिरवाणा होता, आजही आहे. पण तिची जावाची वारी मी बुडवली, हेही तितकेच खरे आहे.

घरी आलो तेव्हा ती वह्या तपासत होती. माझे गुलाबी पत्रक त्या ढिगातच होते. तिने ते माझ्याकडे सरकवले. लाल शाईने शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या होत्या. ‘जावा हे एक लहानसे बेट’ या शब्दांखाली रेघ ओढून लिहिले होते, ‘लहान नव्हे. नकाशा पाहणे.’ वर गुण दिले होते, दहांपैकी चार. आणि खाली, नापास मुलींच्या वह्यांवर लिही तसे, ‘दुरुस्त करून पुन्हा लिहून आणणे.’ यापलीकडे ती त्या गोष्टीबद्दल मला आयुष्यात एक शब्द बोलली नाही. त्या संध्याकाळी मात्र बूट घालून किल्ल्यावर गेली नाही.

मला वाटले, संपले. पण आठ-पंधरा दिवसांनी ईद आली, तेव्हा ती सकाळी बूट घालून निघाली. ‘‘कुठे?’’ मी विचारले.

‘‘प्रायश्चित्त झालंय, पाप राहिलंय. इतकं पंचगव्य प्यायले ते फुकट घालवू? चल.’’

सारंगांच्या घरी त्यांची बायको शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन घाबरून उभी राहिली. ‘‘बाय, खरंच खानार?’’

‘‘अर्धी वाटी दे गो. पुऱ्या पापाला अजून वेळ आहे.’’

दोन वाट्या खाल्ल्या. मी तोवर सहभोजनावर तीन पत्रके लिहिली होती, आणि परजातीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा घेतला, तोही आत्याने कोपर मारल्यावर. पुढे जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतल्या ज्या दोन मुली व्हरांड्यात बसून शिकत, त्यांना तिने आत आणून पहिल्या बाकावर बसवले. नारूभटजी सांगायला आले, बाई, हे फार होतंय. ती म्हणाली, ‘‘भटजी, समुद्राएवढं प्रायश्चित्त तुम्हीच दिलंत. हा तर नुसता उंबरठा. किती उरलं असेल बघा!’’ भटजी जाताना हसू दाबत होते, असे मला वाटले. कमिटीने तिला दोन ताकीदपत्रे पाठवली. तिने त्यांतलेही शुद्धलेखन तपासून परत पाठवले. त्या मुली बाकावरून उठल्या नाहीत.

दर मे महिन्यात ती नकाशावरची रेघ खडूने पुन्हा गडद करायची. दर मे महिन्यात रजेचा अर्ज जायचा आणि परत यायचा. बूट घालून पायऱ्या चढणे मात्र तिने पुन्हा सुरू केले होते, ते शेवटच्या तापापर्यंत चालू होते.

कार्ड मिळाल्यावर मी रत्नागिरीला पोचलो तोवर दिवस होऊन गेले होते. खोलीत सगळे जागच्या जागी होते. खिडकीत भीम टांगलेला, आणि खाली खडू लावून पांढरे केलेले बूट. मी ते उलटे करून पाहिले. रबरी तळवे टाचेशी पार झिजले आहेत. मांडवीहून भगवतीच्या किल्ल्यापर्यंत जाऊन-येऊन त्या बुटांनी जावाची वाट केव्हाच चालून टाकली असेल. माझ्या पायांत ते शिरत नाहीत. मी प्रयत्न केला. माझ्या पेटीत मात्र ते गुलाबी पत्रक अजून आहे, लाल शाईसकट. दुरुस्त करून पुन्हा लिहायला मला इतकी वर्षे लागली. आत्या, हे घे.

आणि वाचकहो, विशेषतः भगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. बूट आता इब्राहीम सारंगांच्या घरी ठेवले आहेत. ज्या बाईच्या पायांत ते बसतील तिने राजिवड्याला येऊन घेऊन जावे. नवे तळवे मी लावून देईन. अट एकच, ते घालून बोरोबुदूरच्या माथ्यापर्यंत चढायचे आणि साखर खरोखर होते का, ते पाहून मला एक कार्ड टाकायचे. निघण्यापूर्वी भटजींकडे जाऊ नका. प्रायश्चित्त झालेले आहे. अजून पुष्कळ उरले आहे.