एकाच भिंतीवरचं बी

माझी माय गिरिजाबाई गावात कोणालाच आवडत नव्हती आणि तिलाही गाव आवडत नव्हतं. फिट्टंफाट होती. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं हे मलाही कळतं, पण गोड बोलणं तिला जिवंतपणी कधी खपलं नाही, आता कशाला तिच्या नावानं साखर पेरू? ती भांडकुदळ होती. सकाळी उठून आधी कोंबड्यांना शिव्या, मग मला, मग चहा. माझा बाप साहेबराव जालन्याला जिनिंगमध्ये कामाला होता आणि सुट्टीला घरी यायचा. तो तिकडे पोटासाठी राहतो की तिच्या तोंडापासून लांब म्हणून, हे मला लग्न होईपर्यंत कळलं नाही. नंतर कळलं, पण ते इथं सांगत नाही.

आमचं गाव वाटूरच्या अलीकडे, सडकेपासून आत. छप्पन साली आमच्या वस्तीनं घरातले देव ओढ्याला सोडले, तेव्हा माय नवी नवरी होती. पुढं वस्तीच्या तोंडाशी बौद्धवाडा अशी पाटी लागली. गावाच्या तोंडात मात्र जुनंच नाव राहिलं, आणि ते कसं उच्चारायचं याचा एक खास सूर होता. तो सूर ऐकला की मायच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझाही होतो, अजून होतो.

या बाईच्या हातात एकच गोष्ट नांदायची, ती म्हणजे टमाटे. न्हाणीच्या दगडापासून काट्याच्या कुंपणापर्यंत जेवढी जागा तेवढा आमचा परस. आंघोळीचं पाणी जिथं जाईल तिथं तिची झाडं. तिनं हे बी माहेराहून, अंबडच्या बाजूनं, लुगड्याच्या पदराला बांधून आणलं होतं. दिसायला टमाटं अगदी ओबडधोबड, भोपळ्यासारख्या फाका पडलेलं, देठापाशी हिरवं राहिलेलं. साल इतकी पातळ की बाजारात न्यायच्या आत टोपलीत रस व्हायचा. पण तव्यावर लसूण, तिखट आणि दाण्याच्या कुटाबरोबर परतलं की चिंचेची गरज नाही. आणि घरच्या माणसाला पाहिजे तसं ते रोज ओंजळभर यायचं. एकदम लोंढा नाही, एकदम दुष्काळ नाही. शेजारच्या मिरच्यांवर बोकड्या पडून पानं आकसली तरी हे झाड पसरतच राहायचं.

बी धरायची तिची रीत होती. फुटायला आलेलं टमाटं पिळायचं, बी चुलीच्या राखेत घोळायचं आणि घराच्या मागच्या भिंतीला थापायचं. भिंतीवर राखाडी चकत्या वाळत राहायच्या. पेरायच्या वेळी नखानं चकती काढायची, चुरायची, वाफ्यात टाकायची. आमच्या वस्तीत ज्याला पाहिजे त्याला ती चकती द्यायची, देताना चार शब्द ऐकवायची, पण द्यायची. शेजारच्या मालनबाईच्या भिंतीवरसुद्धा आमच्याच बियाच्या चकत्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं. मायही गेली. विहिरींचा तळ दिसत होता, आणि ही बाई भांडी विसळलेलं पाणी तळाला भोक पाडलेल्या मडक्यात ओतायची. मडकं झाडाच्या मुळाशी पुरलेलं. प्यायला पाणी नाही आणि तू टमाट्याला पाजतेस, म्हणून बाप ओरडला तर त्यालाच म्हणाली, "तुमी प्या की मंग ह्ये खरकटं." झाडं जगली. वरच्या आळीतल्या परसबागा पार करपल्या होत्या, बीसुद्धा उरलं नव्हतं.

पाऊस पडल्यावर उषाबाईंचा गडी भुजंग आमच्या घरामागं येऊन उभा राहिला. उषाबाई म्हणजे वरच्या आळीतल्या मोठ्या घरच्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. भुजंगाला ताकीद दिलेली होती. गिरजेच्या हातून घ्यायचं नाही, भिंतीवरून आपण काढून घ्यायचं. वाळलेलं बी त्यांना चालत होतं. पिकलेलं टमाटं, त्याची चटणी, आमच्या हाताचं पाणी, हे ओलं सगळं विटाळाचं. राखेत वाळलं की विटाळ गेला! असला कायदा कोणत्या शहाण्यानं काढला देव जाणे. माय तेव्हा दारातूनच ओरडली, "काढ, काढ. भिंत चालती तुमाला, माणूस चालत न्हाई." पण तिनं काढू दिलं. त्यानंतर दर हंगामाला भुजंग यायचा. दोन वर्षांत वरच्या आळीच्या परसात सगळीकडे आमचं फाकांचं टमाटं होतं आणि आमच्या घरचं एकही तिथं कोणी खाल्लेलं नव्हतं.

एवढंच मायला सलत होतं. नाव नको होतं तिला, मान नको होता. गावातल्या एका तरी माणसानं तिच्या ताटलीतलं टमाटं उचलून तिच्यासमोर तोंडात टाकावं, एवढीच तिची हाव होती. ती हे कधी बोलली नाही. बोलली असती तर मीच हसले असते.

पंच्याहत्तरच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या आवारात महिला मंडळानं टमाट्यांची पारख ठेवली. घरच्या परसात कोणतं बी लावावं हे गावाला कळावं म्हणून परतूरहून शेतीखात्याचे एक साहेब येणार होते. ज्याच्याकडे टमाटे असतील त्यानं ताटलीत घालून आणावेत, अशी दवंडी फिरली. दवंडी आमच्या वस्तीतही आली, ही चूक बहुतेक दवंडीवाल्याची. मायनं पितळेची ताटली राखेनं घासली, सगळ्यात चांगले टमाटे निवडले आणि मला म्हणाली, "बेबीनंदा, चल. जल्दी."

शाळेच्या लांब बाकावर ताटल्या मांडल्या होत्या. उषाबाईंच्या दोन होत्या. त्यांचा भाऊ नव्या जालन्यात बियाण्याच्या दुकानात होता, त्यानं दिलेल्या बियाचे टमाटे एका ताटलीत. गोल, लालभडक, सगळे एका मापाचे. दुसऱ्या ताटलीत गावठी, म्हणजे आमचेच. त्या गोल टमाट्यांवरच त्यांचा जीव होता, गावठी नुसते तुलनेला ठेवले होते. तालुक्याहून मिळालेल्या बियाचे चपटे टमाटेही कोणीतरी आणले होते. मायनं आपली ताटली ठेवली तशी शाळेतल्या गुरुजींनी ती एका बोटानं सरकवत सरकवत बाकाच्या पार टोकाला नेली.

साहेब बरे होते म्हणायचे. टमाटं हातात घेत, दाबत, वास घेत. गुरुजी चाकूनं फोडी करत, मीठ लावत, साहेब खात आणि बोलत. गोल टमाटं बाजाराला चांगलं, म्हणाले, साल जाड आहे, आठवडाभर राहील. पण सगळं एकदम पिकतं, घरात चार माणसं असली तर एवढ्याचं करायचं काय? शिवाय रोग लवकर पडतो आणि भाजीला आंबटपणा कमी. चपटं बरं आहे, पण पाणी मागतं. मग त्यांनी उषाबाईंचं गावठी तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. दुसरी फोड स्वतःच उचलली. "घरच्यासाठी हेच," ते म्हणाले. "बी कुठलं?"

उषाबाईंचा भावाच्या टमाट्यावरून उतरलेला चेहरा क्षणात सावरला. "आमच्या घरचं जुनं आहे साहेब. सासूबाईंच्या वेळचं."

काय निर्लज्ज बाई! मी मायच्या तोंडाकडे बघितलं. आता ही काय बोलेल आणि काय नाही, याची मला धास्ती होती. पण ती नुसती टोकाच्या ताटलीकडे बघत होती. साहेबही तिकडे वळले. "ही राहिली की."

"ती नुसती नमुन्याला ठेवलीय," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चाकू पुसून खिशात घातला.

तेव्हा माय पुढं झाली. "सायेब, त्येपण खाऊन बघा. ह्ये आन् त्ये एकाच भिंतीवरचं हाय. माझ्या भिंतीवरचं. इचारा ह्या भुजंगाला, कोन काढून नेतंय."

भुजंगानं मान खाली घातली. बायांमध्ये कुजबुज झाली, कोणीतरी ते जुनं नाव त्या सुरात म्हटलं. गुरुजी साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी एकदा मायकडे, एकदा ताटलीकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. "उशीर झालाय," ते म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की." जीप गेली. उषाबाईंचं टमाटं पहिलं आलं, आणि त्याच वाणाची त्याच बियाची आमची ताटली जशी नेली तशी आम्ही परत आणली. वाटेत माय माझ्यावर खेकसली, "रडत नगं राहू!" मी रडत नव्हते. तीच रडत होती.

साहेबांना ते बी सगळ्या तालुक्यात वाटायचं होतं. उषाबाईंनी कबूल केलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः बी धरलं. राखेचा घाण प्रकार कशाला म्हणून स्वच्छ धुतलं आणि ओलसरच बिस्किटाच्या डब्यात भरून झाकण लावलं. पोळ्यानंतर डबा उघडला तर आत बुरशीचा गोळा. साहेबांचा निरोप तर दारात येऊन थांबलेला. मग उषाबाई भुजंगाला न पाठवता स्वतः आल्या. आमच्या अंगणात त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"गिरजे, बी पाहिजे होतं गं. जरा जास्त."

मायनं परसातून एक पिकलेलं टमाटं तोडून आणलं, विळीवर चिरलं, मीठ भुरभुरवलं आणि ताटली त्यांच्यासमोर धरली. "ह्ये खा. मंग सगळी भिंत न्या."

"आज उपास आहे माझा."

"फळच हाय की. फळ उपासाला चालतं."

उषाबाई ओशाळं हसल्या. "घरी नेते. देवाला दाखवून खाते."

"बिलकुल न्हाई. इथं, माझ्यासमोर."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की खातील. त्यांचा हात उचललाही गेला. मग वस्तीतल्या चार बाया बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. हात पदरात गेला. त्या निघाल्या. माय त्यांच्या पाठीमागं ओरडली, "सासूच्या वेळचं बी हाय न्हवं? सासूला मागा!" सगळी वस्ती हसली. मीही पोट धरून हसले. आमची माय जिंकली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंग मालनबाईच्या घरामागं उभा होता. मालनबाई उषाबाईंच्या शेतात निंदायला जायची, तिचे दोन दीर तिथंच सालावर होते. ती नाही कशी म्हणणार? तिच्या भिंतीवरच्या चकत्या पोत्यात गेल्या. आम्ही कुंपणातून बघत होतो.  मालनबाईशी माय पुढं कधीच बोलली नाही.

बी तालुक्यात वाटलं गेलं. पुढच्या वर्षी परतूरच्या बाजारात बाया पाट्या मांडून ओरडू लागल्या, "उषाबाईचं गावठी घ्या, उषाबाईचं!" हे ऐकून आल्याच्या दिवशी मायनं परसातलं एक एक झाड मुळासकट उपटलं. फळं लागलेली होती, फुलं होती. मी हात धरला तर मला ढकलून दिलं. भिंतीवरच्या चकत्या पाण्यानं भिजवून खराट्यानं घासून काढल्या. आणि बापाला सांगून जालन्याहून त्या गोल, जाड सालीच्या टमाट्याचं बी मागवलं. त्याला बोकड्या लागायचा, ते एकदम पिकून निम्मं सडायचं, चटणीत चिंच घालावी लागायची. रोज जेवताना ती त्याला नावं ठेवायची आणि रोज तेच खायची.

अठ्ठ्याहत्तर साली माझं लग्न झालं. पहिल्या दिवाळीला माहेरी येताना मी वाटेत परतूरच्या बाजारातून ते गावठी टमाटे आणले, मुद्दाम. मला वाटलं, राग निवला असेल, चव तर आठवत असेल. तिच्याच रीतीनं चटणी केली, भाकरीवर वाढली. वास तिच्यापर्यंत गेला तशी तिची मान एकदम वर आली. ताटाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, ते मी बघितलं. मग तिनं ताट एका बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"ने ह्ये. वरच्या आळीचं आपुन खात न्हाई."