लख्ख चाक

“ते चाक मी अजून धुतलंच नाही, जावईबापू.”

“काहीतरीच काय, आई! तेवढं एकच तर लख्ख आहे. मी म्हणतोय, हे पुढचं उजवं बघा, तव्याच्या बुडासारखं काळं. त्याला जरा हात लावा.”

“लावते की. पण न धुता हे डावं लख्ख कसं, ते आधी सांगा.”

जावयानं घड्याळ पाहिलं. महिनाही झाला नव्हता त्याला ही जुनी गाडी घेऊन. सासू गाड्या धुण्याच्या शेडमध्ये कामाला, म्हणून बायको आणि पोरीला मागच्या सीटवर बसवून हौसेनं घेऊन आला होता. तासाभरात घाट उतरून बहिणीच्या नव्या घरी पोचायचं होतं.

शेडमध्ये सासूबाईंना सगळे चाकवाली मावशी म्हणत. अकरा वर्षं झाली, ती फक्त चाकं धुते. टप आणि काचा बाप्ये धुतात, कारण गिऱ्हाईक शाबासकी तिथंच देतं. गाडीचं तोंड धुवायला सगळे पुढे, पाय धुवायला ही एकटी. पहिल्या वर्षी तिला वाटायचं, काळं म्हणजे रस्त्याचा चिखल. एकदा तारेच्या ब्रशनं असं घासलं, की चाकाला ओरखडे आले आणि शेडच्या मालकानं सगळं कूळ उद्धारलं. तेव्हा शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री तिला हाताला धरून घेऊन गेला. ब्रेक दाबला की पॅड आतल्या लोखंडी तबकडीला कसं घट्ट धरतं, ते त्यानं दाखवलं. “मावशी, खडू झिजल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटतं का? तसंच हे. दोघं एकमेकांना घासून झिजतात, तेव्हा गाडी थांबते. तो भुगा गरमागरम उडून चाकाला चिकटतो, वर ओल लागली की गंजून बसतो. तुमच्या चिखलाचा बाप आहे तो.”

तेव्हापासून तिची एक रीत. पाणी मारायच्या आधी चारही चाकांवरून कोरडा अंगठा फिरवायचा. मालक तिला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायचा, पण तिला अंगठ्यावरूनच माणूस कळायचा. ज्याचा पाय ब्रेकवर उतावळा, त्याचं चाक काळं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी, कारण थांबताना सगळा भार पुढं पडतो. पण पुढची दोन जुळ्या भावंडांसारखी सारखी हवीत. इथं एक काजळ फासून बसलेलं, दुसरं न्हाऊनमाखून.

म्हणजे डावा ब्रेक धरतच नव्हता. आणि पुढं घाट होता.

बोलायचं कसं, हीच पंचाईत. जावई नाकावर माशी बसू न देणारा. मिस्त्रीनं चाक खोललं आणि काहीच निघालं नाही, तर हा वर्षभर सासुरवाडीची पायरी चढायचा नाही. गाडीतून लेक ओरडली, “आई, पुरे गं! उशीर होतोय.” नात काचेला नाक लावून वाकुल्या दाखवत होती. मावशीनं त्या चपट्या नाकाकडं पाहिलं आणि हातातला ब्रश बादलीत टाकला.

“इकडं या. उजव्या चाकाजवळ हात न्या. लावू नका, नुसता शेक घ्या.”

“गरम आहे. उन्हात उभी आहे ना गाडी.”

“आता डाव्याजवळ.”

जावयानं हात नेला. पुन्हा उजवीकडं नेला, पुन्हा डावीकडं. दोन्ही चाकं एकाच उन्हात होती.

“ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढते का हो?”

“जरा... मला वाटलं, रस्त्यालाच उतार आहे.”

“सगळ्या रस्त्यांना?”

मिस्त्रीला हाक गेली. त्यानं चाक उतरवलं, आत बोट घातलं आणि हसला. “मावशी, पॅड दाबणारा दट्ट्याच गंजून जाम झालाय. पॅड बघा, कोरं करकरीत! ही बाजू आयतं खात बसली होती, सगळी कामं एकटी उजवी ओढत होती. शहरात खपून गेलं. उतारावर मात्र...” जावयाचा चेहरा बघून त्यानं पुढचं गिळलं.

जावयानं बहिणीला फोन लावला. “येतो, पण दुपार होईल. अगं, मीच म्हटलं, घाटाआधी ब्रेक बघून घ्यावा.”

लेकीनं आईकडं पाहिलं. आईनं डोळा मिचकावला. शहाणपण कुणाच्या का नावावर चढेना, गाडी थांबल्याशी मतलब.

दुपारी मिस्त्रीनं गाडी गल्लीतून फिरवून आणली आणि दोन्ही चाकं सारखीच तापल्याचं दाखवलं. निघताना जावई घुटमळला. “आई, उजवं चाक धुवायचं राहिलंच की.”

“आता परत आल्यावरच धुते. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. डावंही काळं झालेलं मला बघायचंय.”

गाडी वळणावर जाऊन थांबली, सरळ, कुठंही न ओढता, आणि मग दिसेनाशी झाली. मावशीच्या मागं एक टॅक्सी कधीची येऊन उभी होती. तिनं हात पुसले, पाट ओढला आणि पहिल्या चाकावर कोरडा अंगठा टेकवला.