भिंगरी अप्पांचा चीजचा चिवडा

माझ्या सासऱ्यांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढे यावं. लग्न होऊन मी घाटनांदूरला आले तेव्हापासून चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, पाहुण्यांशी गप्पासुद्धा दारातच. कुणाच्या लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत आहेर देऊन घरी हजर. मी विचारलं की म्हणायचे, "लगीन हुतंयच की. मी बसून काय करू तिथं?" सगळं गाव त्यांना भिंगरी अप्पा म्हणायचं आणि त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही.

किराणा दुकान त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हवाली केलं आणि ताप माझ्या डोक्याला झाला. सासूबाई तर आधीच गेलेल्या. अप्पा दुकानात गेले की माझा नवरा म्हणायचा, "अप्पा, तुम्ही आराम करा." आराम हा शब्द ऐकला की ते उलट पावली घरी यायचे आणि माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचे. डबा उघडायचा, वास घ्यायचा, झाकण दुसऱ्याच डब्याला लावायचं. मी चिडायचे. खोटं कशाला सांगू, चांगलीच चिडायचे.

त्यातच माझी गौरी अकरावीला लातूरला गेली, हॉस्टेलवर राहिली आणि महिन्याभरात तिचं खाणंच तुटलं. फोनवर एकच, "आई, घास खाली उतरत नाही गं." मेसचं ताट तसंच परत जायचं. भेटायला गेलो तर ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता. नवरा म्हणाला, "आठ दिवस बघू. खाल्लं नाही तर सरळ घेऊन येऊ." गौरीला यायचं नव्हतं. क्लास बुडाला की सगळं गेलं, ही धास्ती. पोरगी जेवतही नव्हती आणि घरीही येत नव्हती. ते आठ दिवस मीसुद्धा भिंगरीच झाले होते. पोळी तव्यावर टाकायची आणि फोन बघायला बाहेर पळायचं.

तिसऱ्या दिवशी अप्पा चालता चालता थांबले. "ती पाकिटातलं तिखट-तिखट काय खाती गं? चीजचं?"

"भाजका चिवडा आहे तो, अप्पा. ओव्हनमधला."

"मंग आपुन करू की. कावून न्हाई?"

माझा ओव्हन दोन वर्षं कापडाखाली झाकून पडला होता. फोनवरचा व्हिडिओ अप्पांनी अर्धाच पाहिला, पुढचं त्यांना कळलं म्हणे. मक्याचे पोहे, मखाने, शेंगदाणे, लसणाची पूड आणि आमच्या घरचं लालभडक तिखट. चीजची पावडर आणायला स्वतः अंबाजोगाईला गेले. बटर पातळ करून सगळ्याला चोळलं आणि ट्रे आत सरकवला. पाऊण तास मंद भाजायचं, मध्ये दोनदा हलवायचं, बस. पण यांनी दोन-दोन मिनिटाला दार उघडलं!

"अहो अप्पा, सारखं उघडलं की ऊब जाते."

"बघितल्याबिगर कळतंय व्हय?"

आम्हा लिंगायतांकडे देवाला दाखवल्याशिवाय पदार्थ चाखत नाहीत. कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाली, नैवेद्य झाला, की मगच घरातलं कुणी तोंडात घालणार. मिठाचा सगळा कारभार हाताच्या अंदाजावर. अप्पांनी नैवेद्य दाखवला खरा, पण एसटी चुकेल म्हणून चाखायलाही न थांबता डबा भरला आणि निघाले. हॉस्टेलच्या दारात डबा दिला आणि उलट्या पावली परत.

दुसऱ्या दिवशी गौरीचा फोन. "आई, अप्पांनी काय केलंय हे? नुसतं मीठ आहे!" आणि पोरगी हसायला लागली. महिन्यानं हसली. मैत्रिणींनी पाणी पीत-पीत डबा संपवला होता, आणि त्यांच्या नादानं हीसुद्धा मूठ-मूठ खात गेली होती.

तेव्हा मला उमगलं. घरच्या लोण्यात मीठ नसतं, म्हणून बटरमध्येही नसणार असं आम्ही दोघांनी धरलं होतं. बटर खारट, चीज खारट, वर अप्पांच्या सवयीचं मूठभर मीठ. मी कपाळावर हात मारला. अप्पा मात्र खूश. "हासली ना? लई झालं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी ट्रे बाहेर काढला आणि तिथेच उभे राहिले. देवघराकडे तोंड केलं. सत्तर वर्षांत जे केलं नव्हतं ते करायचं होतं. म्हणाले, "महादेवा, रागावू नको. आदी पोरीचं पोट, मंग तू." आणि दोन दाणे जिभेवर ठेवले.

ओव्हनचं दार, महादेवाची घातलेली समजूत, सगळं मी गौरीला फोनवर सांगितलं. ती लातूरलाच राहिली. दर रविवारी अप्पा डबा घेऊन जायचे आणि रिकामा डबा हलवत परत यायचे.

परवाच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुकानातून घरी येता येता, चालतानाच. गौरी आली ती पुन्हा तशीच. पाण्याशिवाय काही घेईना. दोन दिवस मी ताट वाढत होते आणि उचलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओव्हनचं दार वाजलं. पुन्हा वाजलं. पुन्हा. धावत गेले तर गौरी ट्रेपुढे उभी.

"अगं, सारखं उघडू नको."

"बघितल्याशिवाय कळतं का?"

मी अप्पांच्या फोटोपुढे ठेवायला वाटी काढली. तिनं माझा हात धरला. "थांब. आधी पोरीचं पोट." आणि मूठ भरून तोंडात टाकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"खारट झालंय गं, आई," म्हणाली, आणि दुसरी मूठ भरली.