रिसीव्हरचा माईक ओट्यावर

मंडळी, आज आमच्या धायरीच्या घरी नवा स्टिरिओ रिसीव्हर बसवला. सोबत एक चिमुकला माईक आला. आपण गाणी जिथे बसून ऐकतो तिथे तो ठेवायचा. मग रिसीव्हर टुंई-टुंई करतो आणि त्या जागेसाठी स्पीकरचा आवाज स्वतःच जुळवून घेतो!

बसवायला आलेल्या माणसाने माईक सोफ्यावर ठेवला. पोळ्या करता करता आई म्हणाली, "अहो, त्या सोफ्यावर मी दिवाळीतसुद्धा बसत नाही."

मी गुपचूप माईक उचलून ओट्यावर ठेवला, पोळपाटाशेजारी.

जुळवणी झाल्यावर आईचं रोजचंच भजन लावलं. तिचं लाटणं थांबलं.

"अरे, यात मागे तंबोरा आहे!"

ती डोळे मिटून उभीच राहिली. तव्यावरची पोळी करपली. आईची करपलेली पोळी मी आज पहिल्यांदा पाहिली.

तुमच्या घरी माईक कुठे ठेवाल?