बाळकुमची तिवरे आणि भिकाजी गुरुजी

भिकाजी गुरुजींची आणि माझी पहिली भेट बाळकुमच्या खाडीवर, घोटाभर चिखलात झाली. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. मी डोंबिवलीचा, शेतकी खात्यात नवाच लागलेला. पायांत बूट आणि डोक्यात पुस्तके. गुरुजी गावच्या शाळेचे मास्तर आणि खारबांध समितीचे प्रमुख. तिथे आम्ही दोघेच होतो. बांधाबाहेर दाटलेली तिवरे पाहून मी म्हणालो, "ही झाडी तोडून टाका. बांध साफ दिसला पाहिजे."

"साहेब, भरतीचा पहिला मार ही झाडं खातात," गुरुजी सौम्यपणे म्हणाले.

मी हट्टालाच पेटलो. अखेर सरकारी माणसाचा मान राखून त्यांनी गावाकडून तिवरे तोडवून घेतली.

श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला आणि लावलेल्या भातात खारे पाणी शिरले. चावडीवर गाव जमले. एक म्हातारी पुढे येऊन ओरडली, "मास्तर, कोनी सांगलं व्हतं तिवरा तोराला?" गुरुजी उठले.

"मीच सांगलं. माजी चूक झाली."

परतताना मी विचारले, "असं का केलंत?"

"गाव तुमच्यावर चिडलं तर पुन्हा तुमचं ऐकणार नाही. आणि मला खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या तांबड्या भाताचं बियाणं हवंय. तेवढं आणा."

ते मी आणले. तोडलेल्या तिवरांचे खुंट मात्र गुरुजींनी कुणाला उपटू दिले नाहीत. वर्षाच्या आत त्या खुंटांना धुमारे फुटले, आणि मी, शेतकीचा पदवीधर, आ वासून बघत राहिलो! चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या परतल्या, खेकडे परतले, मागोमाग बगळे आले. गुरुजी शेतातली माती जिभेवर ठेवून खार किती उतरला ते सांगत. माझी तपासणी नंतर तेच सांगे. गेल्या वर्षीच्या उधाणात बांधाचे ढेकूळही हलले नाही. एवढे ज्ञान आणि एवढे मोठे मन एकाच माणसाच्या ठायी मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आज गुरुजी साठ वर्षांचे होत आहेत. गावात अजूनही त्यांना कुणीतरी 'तिवरा तोरनारा मास्तर' म्हणतो आणि ते हसून सोडून देतात. मला मात्र ते ऐकवत नाही. बाळकुमकरहो, तिवरे तोडायला मी सांगितले होते. गुरुजींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि यापुढचे तरी त्यांनी माझी चूक डोक्यावर न घेता जगावे.