पुढचे पान दाबले तरी तीच दहा घरे

गुरुदासच्या ऑफिसात गणपतीच्या तसबिरीशेजारी एक इंग्रजी कागद फ्रेम करून लावलेला आहे. गणपतीवर जळमटे असली तरी चालतात, कागदाची काच मात्र रोज पुसली जाते. त्या कागदाची कलर प्रिंट माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात काढली, म्हणून या माणसाबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

गुरुदास पुण्यात कॉम्प्युटर शिकून मालवणात परतला तो थेट 'सर' होऊनच. २००८ साली त्याने किनाऱ्यावरच्या घरगुती खोल्यांची वेबसाइट काढली. पाहुण्याने 'तारकर्ली' टाकून शोधले की दहा घरे दिसत. पुढचे पान दाबले की पुन्हा तीच दहा. सर्च इंजिनशी बोलण्यासाठी त्याने परदेशी मंडळींनी फुकट वाटलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, घेतली होती, आणि तिच्यातले पाने उलटणारे फंक्शन 'आता पुढची दहा द्या' हा निरोप सर्च इंजिनपर्यंत पोचवतच नव्हते. चूक गुरुदासची नव्हे, मान्य. पण साइट चालू करताना एकदा पुढचे पान दाबून बघायला काय धाड भरली होती?

तारकर्लीच्या सावित्रीचे घर त्या दहांत नव्हते. तिचा नवरा सत्यवान गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी. तो घरी राहावा, त्याने स्वतःच्या होडीतून पाहुण्यांना फिरवावे, एवढ्यासाठी तिने घराला दोन खोल्या जोडल्या होत्या. हा सीझन बघू, नाहीतर परत जातो, असे सत्यवान बोलून बसला होता. पहिली दहा घरे बहुतेक मानकऱ्यांची, कारण त्यांनीच आधी नोंदवली होती. सावित्रीला त्यात काही वावगे वाटले नाही. देवळात आधी मानकऱ्यांचा नारळ, मग बाकीच्यांचा. इथेही तसेच असेल, आपली पाळी येईल, म्हणून ती गप्प राहिली. बाकीचेही तसेच गप्प. आमची माणसे यंत्रातसुद्धा मान शोधतात!

मग गुरुदासच्या मामाने हॉटेल काढले आणि तेही दिसेना, तेव्हा कुठे सरांचे डोळे उघडले. चूक त्याने शोधली खरी, तेवढे डोके त्याला होते. लायब्ररीवाल्यांना कळवलीही. त्यांनी दुरुस्त आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत त्याचे नाव घालून आभार मानले. तोच तो कागद. मामाचे हॉटेल त्याने हाताने पहिल्या दहांत घुसवले. आणि दुरुस्त आवृत्ती स्वतःच्या साइटवर घातली? छे!

"चालत्या गाडीक हात लावचो नसता," मला म्हणाला. मामाकडून शाल-श्रीफळ मात्र घेतले.

नाताळ जवळ आला तशी सावित्री ऑफिसात आली. मी तिथेच बसलो होतो.

"गुरुदास, आमचा घर खंय दिसता रे?"

त्याने फ्रेमकडे बोट दाखवले. "ह्या बघ. चूक अमेरिकेची होती. मी धरलंय."

"बरा झाला. मगे आता दिसतला?"

"दोन दिवसांत करतंय गो."

ते दोन दिवस शिमगा झाला तरी संपले नाहीत. लाज कशी ती वाटली नाही मेल्याला.

मे संपता संपता, किनारा ओस पडल्यावर, त्याने नवी आवृत्ती घातली. मला हाताला धरून नेले आणि पान उलटून दाखवले. सावित्रीचे घर खरेच आले, फोटोसकट. फोटोतल्या अंगणात सत्यवान होडी रंगवत होता.

"बघितलंस?" गुरुदास म्हणाला.

मी तिथल्या तिथे फोटोखालचा नंबर फिरवला. सावित्रीनेच उचलला. खोली मिळेल का, म्हणून विचारले.

"नाय हो," ती म्हणाली. "खोल्यांनी आता पावसाची लाकडां भरलंय. होडी इकली. ते परत ट्रॉलरवर गेले, सीझन संपलो तरी थयच जाळी शिवीत आसत."

मी फोन ठेवला आणि तिने सांगितले ते गुरुदासला सांगितले.

"पण आता दिसता मां?" तो म्हणाला, आणि फडके घेऊन काच पुसायला लागला.